तुमची आई चार सेकंदांत दारापाशी पोचत होती

सर, तुमची म्हातारी दमलेली नव्हती, ती घाईत होती. काल दुपारी काकूंनी फोनवर खात्री करून दिली. सोसायटीच्या कागदांच्या फायलीत तुमच्या हातच्या त्या चित्रफितीची मूळ डोपशीट सापडली, कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं ते तुम्ही ज्यावर लिहायचात तीच. काकूंनी चष्मा लावून वाचून दाखवलं, "एकपासून शहाण्णवपर्यंत, प्रत्येकासमोर एक. सगळीकडे एकच लिहिलंय रे. खाली त्यांची सही." स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या मी त्यांना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. सोळा वर्षं मी ती आठ सेकंदांची दाखवतो आहे.

तुम्हाला हे शिकवायला नको, पण वर्गात रोज सांगतो तसंच लिहितो, म्हणजे माझंच मला नीट दिसेल. सेकंदाला चोवीस फ्रेम. प्रत्येक चित्र एकेक फ्रेम दाखवलं तर शहाण्णव चित्रांचे चार सेकंद होतात. दोन-दोन फ्रेम धरलं तर आठ. जाहिरातींच्या कामात आपण सगळं दोनावरच करायचो, निम्मी चित्रं वाचायची. तुमच्या सत्काराच्या वेळी मी तुमचे कागद एका दुपारी स्कॅन केले, सगळे एकदम निवडले आणि सवयीने दोन टाकले. डोपशीट मागितली नाही. मागायची असते, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

मग त्या चित्रफितीचं काय काय झालं! पाटावर मटार सोलत बसलेली बाई, बेल वाजते, ती उठते, मांडीवरचे तीन मटार लादीवर पडतात, ती कडीला हात घालते. बस्स एवढंच. पण आठ सेकंदांत ती इतक्या जडपणाने उठते की बघणारा तिला हात द्यायला पुढे झुकतो. अंधेरीच्या या इन्स्टिट्यूटमध्ये दर वर्षी टायमिंगचा पहिला धडा मी तिच्यावरच घेतो. सांगतो की बेल वाजली तरी आता कुणी यायचं उरलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. आणि बघा, मटारसुद्धा किती सावकाश पडतात, दुःखात वेळ अशीच ताणली जाते. मुलं वहीत उतरवून घेतात. दोघीचौघी डोळे पुसतात. माझी नोकरीतली पत याच एका तासावर उभी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या आठवड्यात भांडुपहून येणारी एक मुलगी उठली. "सर, एक बोलू? राग नका मानू." मी म्हटलं, बोल. "म्हातारी दमली असेल, कबूल. पण मटार कसे दमतील?" वर्ग खदखदला. मागून कुणीतरी म्हणालं, "फ्रोजन आहेत गं!" ती काही हसली नाही. "माझा चेंडू असाच पडला तर तुम्ही मार्क कापले ना? म्हणालात, हा चेंडू नाही, फुगा आहे. मग हे काय?" मी नेहमीचं ताणलेल्या वेळेचं सांगू लागलो. अर्ध्या वाक्यातच मला मुलुंडचं तुमचं स्वयंपाकघर दिसलं.

रविवारची सकाळ आहे. तुम्ही पाटावरून उठता आहात, पुन्हा बसता आहात, पुन्हा उठता आहात, आणि दर वेळी मांडीवरून मटार सोडता आहात. मी ओट्याला टेकून स्टॉपवॉच धरलंय. काकू झाडू घेऊन उभ्या आहेत. "भाजी करायची आहे की सर्कस? पोटात काय घालू तुमच्या, टायमिंग?" तुम्ही माझ्याकडे बघून ओरडता, "मेल्या, तिच्याकडे काय बघतोस, बटण दाब!" मी दाबतो. अर्ध्या सेकंदाच्याही आत. तुम्ही पेन्सिलीने भिंतीवरच लिहिता, दहा फ्रेम. काकू कपाळाला हात लावतात. म्हणजे ते दहा मी स्वतः मोजले होते, सर. आणि वर्गात सोळा वर्षं वीस दाखवले. एखाद्या परक्या माणसाची चूक असती तर समजून घेता आलं असतं. हे मला अजून झेपत नाही.

मुलीला म्हटलं, तपासून सांगतो. काकूंना फोन केला, त्यांनी दोन दिवस शोधून तो कागद काढला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अरे, त्या सासूबाईच आहेत. हे कामावरून यायचे त्या वेळी त्या दारातच असायच्या. बेल पुरती वाजूसुद्धा द्यायच्या नाहीत. त्या हळू कधी चालल्या रे?" मी विचारलं, मग सत्काराच्या दिवशी सर बोलले का नाहीत? त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर बोलले. म्हणाले, पोराने माझ्या आईला म्हातारी केली. पण सगळे रडत होते, टाळ्या वाजवत होते, आता कुणाला सांगू?"

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी, जी मी काकूंनाही सांगितलेली नाही. तुम्ही बोलला होतात. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसून, पडद्यावरची नजर न काढता तुम्ही विचारलंत, "अरे, ही एवढी हळू का?" मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि म्हटलं, "सर, तेच तर भारी आहे!" मागे हॉल उभा राहिला होता. तुम्ही वळून एकदा त्या रुमालांकडे पाहिलंत, मग हात जोडलेत. मला वाटलं, भरून आलंय. सहा महिन्यांनी तुम्ही गेलात, आणि विचारायचं राहिलं असं मी म्हणू शकत नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

उद्या अकरा वाजता तीच बॅच आहे. काकू येणार आहेत, ती मुलगीच त्यांना मुलुंडहून घेऊन येईल. चुकीची कुठली आणि बरोबर कुठली हे आधी न सांगता मी दोन्ही दाखवणार, मग डोपशीट टेबलावर ठेवणार आणि चूक कुणी केली ते सांगणार. चार सेकंदांत बाई उठेल, मटार उडतील, दार उघडेल. मुलं बहुतेक हसतील. काकू तर नक्कीच हसणार, त्यांनी बजावून ठेवलंय. प्रिन्सिपॉलना सकाळीच कळवलं, ते म्हणाले, "एवढं जाहीर कशाला करताय?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहून टाकतो. काल फाइल दुरुस्त केली आणि एकदा चालवून पाहिली. ती बरोबर आहे, अगदी तुमची आहे. पण सर, मला अजून ती हळूच चालणारी बाई जास्त आवडते, आणि जुनी फाइल मी पुसलेली नाही.