चॉकलेटी स्वेटरसाठी कागद

४ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात लिहून ठेवलेली बरी, नाहीतर नंतर लोक भलतंच सांगत सुटतात.
काम असं. मामी महिनाअखेर घर आवरून कायमची मुलीकडे राहायला जाणार. जाताना तिला मामाचा एक मोठा फोटो हवा आहे. कलर. मामाला जाऊन वर्ष होत आलं. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला, जगाला 'हसा' म्हणाला, पण स्वतःचा एक धड फोटो काढू दिला नाही. एकच आहे: खिडकीशी बसलाय, अंगात मामीने विणलेला चॉकलेटी स्वेटर, आणि चक्क हसतोय. तो मी काढला. निगेटिव्ह माझ्याकडे. निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचा मामाचा एन्लार्जरही माझ्याकडेच आला, त्याला मी रंगांची बटणं असलेलं नवं डोकं बसवून घेतलंय. तेव्हा प्रिंट कोण करणार हा प्रश्नच उरत नाही.
बायकोने लॅबचं नाव काढलं. लॅबमध्ये मशीन छापतं, मी मनापासून छापेन, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मामी फक्त म्हणाली की स्वेटर नीट येऊ दे. तिचे डोळे भरून आले. कौतुकाने असणार.

४ नोव्हेंबर, दुपार
बाथरूमची डार्करूम केली. खिडकीला काळा पुठ्ठा, वॉशिंग मशीनवर एन्लार्जर, टबमध्ये ट्रे. मुलीने विचारलं, आंघोळीचं काय? कलेसाठी त्याग करावा लागतो, म्हटलं. तिने टॉवेल उचलला आणि शेजारच्या काकूंकडे गेली. पोरगी समजूतदार आहे.

५ नोव्हेंबर
निम्मं यश कागदात असतं, असं मामा म्हणायचा. मामाची वाक्यं दोनच. दुसरं म्हणजे, रंग हा पोरखेळ आहे. आजूबाजूचे सगळे स्टुडिओ कलर झाले तरी मामा हेच वाक्य म्हणत ब्लॅक अँड व्हाइटला चिकटून राहिला, आणि गिऱ्हाईक यायचं थांबल्यावर शटर ओढून घरी बसला. तत्त्वाचा माणूस.
कागदवाल्याकडे गेलो. तीन प्रकार: ग्लॉसी चकचकीत, मॅट बिनचमकीचा, लस्टर दोघांच्या मधला. मी डोळे मिटून ग्लॉसी घेतला. मॅट घेणारा माणूस मुळातच घाबरट असतो. पाकीट उघडून दाखवा म्हटलं तर दुकानदाराने ते पोटाशी धरलं. कलर पेपरला लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखातच उघडायचं, म्हणाला. माल न दाखवता विकायची ही नवीच तऱ्हा.

६ नोव्हेंबर
घरी ट्यूबलाइटखाली पाकीट उघडून एकेक कागद तपासला. माल उत्तम. उगाच संशय घेतला.

७ नोव्हेंबर
सगळे कागद काळे आले. कुळकुळीत. दुकानदाराने मला चक्क मामा बनवलं.
बायकोने विचारलं की हा फोटो रात्री लाइट गेल्यावर काढला होता का. 
संकल्प: उद्यापासून माहितीपुस्तिका वाचायची.

१० नोव्हेंबर
पुस्तिका सापडत नाही. अनुभव हाच गुरू.
नवं पाकीट, पुन्हा ग्लॉसी, या वेळी मिट्ट अंधारात. कागद कुठे, ट्रे कुठे, सगळं हाताने चाचपून. कोपर नळाला लागलं आणि वरून शॉवर सुरू झाला. डगमगलो नाही. अंग पुसून दुसरा कागद लावला.
आणि आला! मामा आला! चेहरा तजेलदार, स्वेटर चॉकलेटी, डोळ्यांत तीच मिश्कील झाक. ओल्या बनियनवर उभा राहून रडलो. लिहायला लाज वाटत नाही.
बाहेर दाखवला. मुलगी म्हणाली की आजोबांचा चेहरा कोबीसारखा का दिसतोय. बायकोने चष्मा लावला, काढला, परत लावला, आणि हिरवट आहे म्हणाली.
विचार केला. ग्लॉसी चमकतो. चमकला की त्यात खिडकीबाहेरचं झाड दिसतं. झाड हिरवं. म्हणून मामा हिरवा. साधं शास्त्र आहे. दोष कागदाचा.

१३ नोव्हेंबर
लस्टर आणला. खिडकीचा पडदा लावून दाखवला. तरी दोघी हिरवटच म्हणतात. दोघींनी आधीच ठरवून ठेवलेलं दिसतंय.
कागदवाल्याला फोन केला. तो म्हणाला, प्रिंट हिरवट आला तर मॅजेन्टाचं, म्हणजे जांभळट गुलाबी रंगाचं, बटण थोडं थोडं कमी करत जायचं. मी सांगितलं, हिरवट अजिबात आलेला नाही. मग बटणाला हात लावू नका, म्हणाला. नाही लावला. जाणकाराचं ऐकावं.

१५ नोव्हेंबर
पुन्हा दुकानात. चांगल्या कामाला जाताना घालतो तो चॉकलेटी शर्ट घातला. दारात मुलगी शर्टाकडे बघून म्हणाली, बाबा, झाडाला पाणी घालू का? हल्लीच्या पोरांचे विनोद कळत नाहीत.
लस्टरचं दुसरं पाकीट. पहिल्याची बॅच खराब असावी.

१७ नोव्हेंबर
बायकोने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाचायचा नंबर तोच. डोळे ठणठणीत.
नंतर त्यांनी एक ठिपक्यांचं पुस्तक काढलं. पानावरचा आकडा वाचा, म्हणाले. आकडा नव्हता. दुसऱ्या पानावरही नव्हता. तिसऱ्यावर होता, तो फाडकन वाचून दाखवला. बाकीची पानं चुकून कोरी राहिली असावीत, छपाई कुठल्या कागदावर केली आहे, असं विचारलं. डॉक्टर बायकोकडे बघायला लागले.
मग म्हणाले, बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे आईकडून येतं, पुष्कळदा मामालाही असतं. मी हसलो. माझा मामा जन्मभर फोटोग्राफर होता, म्हटलं. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. थिअरी जागच्या जागी गार.

१८ नोव्हेंबर
बायको आणि मुलगी आपसात कुजबुजतात. मी आलो की हवापाण्यावर बोलतात.
शेजारच्या काकूंनी निरोप पाठवला की त्यांच्याकडे गरम पाणी संपतं. कलेचे शत्रू सगळीकडे.

२० नोव्हेंबर
निगेटिव्हवर धूळ बसली असेल, पुसून आणते, म्हणून बायको ते घेऊन बाहेर गेली. संध्याकाळी नीट पाकिटात घालून आणून दिलं. एवढ्या दिवसांनी तिला कामाचं गांभीर्य कळलं. आनंद झाला.

२२ नोव्हेंबर
मॅट आणला. दुकानात गर्दी होती, मी मॅट घेताना कुणी ओळखीचं नव्हतं.
घाबरट वगैरे मी रागाच्या भरात लिहिलं होतं. मॅटमध्ये एक शांतपणा आहे. स्वेटरची लोकर हाताला लागेल अशी दिसते. टाका न् टाका मोजून घ्यावा. मुलीला दाखवला नाही. तिला कोबी आवडत नाही म्हणून सगळीकडे कोबीच दिसतो.
अंधारात उभं असताना एक गंमत होते. मामा शेजारी उभा आहे असं वाटतं. लहानपणी त्याच्या डार्करूममध्ये मी असाच उभा असायचो, तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, घाई नको, येईल तो. कागदावर माणूस यायचाच. मामीला मामा असाच आणून द्यायचा आहे. बाकी मला काही सिद्ध करायचं नाही.
(लॅबपेक्षा सरस ठरलं तर मात्र बायकोने तसं कबूल करावं.)

२६ नोव्हेंबर
मामीकडे गेलो. सगळे गेलो. घरात खोकीच खोकी, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मामी एका खोक्यावर बसली, दुसऱ्या खोक्याचं टेबल केलं. मी तीन प्रिंट मांडले: ग्लॉसी, लस्टर, मॅट. कागदांचे गुणदोष समजावून सांगायला सुरुवात केली.
तेवढ्यात बायकोने पर्समधून एक पाकीट काढून शेजारी ठेवलं. लॅबचा प्रिंट. त्याच निगेटिव्हचा. म्हणजे ती धूळ! घरातच फितुरी.
चौथा प्रिंट नीट न्याहाळला. माझ्यासारखाच होता. अगदी तोच चेहरा, तोच चॉकलेटी स्वेटर. लॅबवाल्याने माझी हुबेहूब नक्कल केली आहे, असं म्हटलं.
कुणी हसलं नाही. मुलगी अशा वेळी हमखास हसते. तीही नाही.
मामीने लॅबचा प्रिंट हातात घेतला. छान आहे, हॉलमध्ये लावीन, म्हणाली. मग माझा मॅट घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मी तेवढ्यात मॅटविषयी थोडं बोललो.
"स्वेटर मरून रंगाचा आहे रे," मामी म्हणाली.
मला वाटलं मामीला वयोमानाने दिसत नाही.
"लोकर मीच आणली होती. चांगली गडद लाल, मरून. ह्यांनी पहिल्यांदा घातला आणि आरशात बघून म्हणाले, चॉकलेटी शोभतो मला. एवढे खुशीत होते. मी म्हटलं, हो, चॉकलेटीच. मग उसवला की दर वेळी मरूनच लोकर आणायची आणि चॉकलेटी म्हणायची."
मी विचारलं, मग रंग म्हणजे पोरखेळ?
"स्टुडिओत एकदा कलर करून बघितलं होतं. गिऱ्हाइकाने नवरीमुलीचा फोटो परत आणला, मुलगी हिरवी दिसते म्हणून. त्यानंतर ते वाक्य सुरू झालं. मी कधी खोडलं नाही."
मी खोक्यावरचे प्रिंट उगाच सरळ केले. कागदांचे गुणदोष राहूनच गेले.
मामीने मॅटवरच्या स्वेटरवर बोट फिरवलं. "ह्यात खरंच चॉकलेटी दिसतोय. त्यांना काय दिसायचं, मला कधी कळलंच नव्हतं. हा मी माझ्या खोलीत ठेवीन." दोन साड्यांच्या मध्ये ठेवून तिने तो बॅगेत घातला. बाकीचे दोन मला परत दिले.

२७ नोव्हेंबर, सकाळ
मामी गेली. एन्लार्जर माळ्यावर. बाथरूम मोकळी केली. मुलगी आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही.
नोंद: तिन्हींत मॅटच निवडला गेला. पहिल्यापासून मी मॅटच म्हणत होतो.
यापुढे ब्लॅक अँड व्हाइट. मामा बरोबर होता. रंग म्हणजे पोरखेळ.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
कपाट उघडून चांगल्या कामाचा तो शर्ट काढला. खिडकीत नेऊन बघितला, दिव्याखाली बघितला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्यापुढे धरला आणि विचारलं, खरं सांग, हा कुठल्या रंगाचा आहे?
तिने शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"चॉकलेटी," म्हणाली, आणि घडी घालायला माझ्या हातातून घेतला.