पगडीतली सलामी

बीरगांव, रायपूर

आबाजी,

आज माझा दीक्षांत समारंभ झाला. आपल्या घरातली पहिली पदवी तुमच्या नातीच्या हातात आली, आणि ती दाखवायला तुम्ही नाही.

निकाल लागला तेव्हा तुम्ही खाटेवर पडून होतात. तरी मला तुमची पलटणीतली टोपी आणायला लावलीत, ती घालून मला कडक सलामी दिलीत. मीही हात उचलला, तर म्हणालात, "उघड्या डोक्यानं सलामी नसते, पोट्टे. तुले पदवीची पगडी भेटू दे, मंग दे मले उलट." मी हसून "हव" म्हटलं.

महिन्याभरात तुम्ही गेलात. मुक्तिधामात चितेपाशी नीलकंठकाका रडत म्हणाले, "एक सॅल्यूट त मार वं. किती जीव होता तुह्यावर त्यायचा." मी नुसती सावधान उभी राहिले. पोट्टी दगडाची आहे, असं लोक म्हणाले. मी कोणाला काही सांगितलं नाही.

आज नव्या रायपुरातल्या समारंभातून बसनं दीक्षांताची पगडी घालूनच घरी आले. तुमच्या रिकाम्या खाटेसमोर उभी राहून सलामी दिली. आधी मोठ्या माणसानं हात खाली करायचा, मग आपण, हेही तुम्हीच शिकवलं होतं. म्हणून मी हात तसाच ठेवला. दंड भरून आला तरी ठेवला.

शेवटी आईनंच माझा हात धरून खाली आणला. म्हणाली, "झालं, बाई. पोचली असन त्यायले."

तुमची पदवीधर पोट्टी,
गंधाली