आफियाच्या पोटदुखीचं कारण

सायखेड्याजवळून, शाळेच्या ऑफिसात बसून,
मंगळवार

ती. अक्कास,

सुनीलचा दंडवत. तुझा डावा गुडघा, दाजींचं बीपी आणि अंगणातलं ते न फळणारं सीताफळ, तिघांचीही तब्येत बरी असेल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र का, म्हणशील. मागच्या खेपेला तूच म्हणालीस, "सुन्या, फोन ठेव, तुझा आवाज वणीत तसाच ऐकू येतो." ते मी तेव्हा मनाला लावून घेतलं नव्हतं. आता घेतलंय. हकीकत लांबलचक आहे, चष्मा घे नि टेकून बस.

माझ्याकडे यंदा दुसरी आहे. बावीस मुलं. त्यात आफिया नावाची एक चिमुरडी: दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, अक्षर मोत्यासारखं (तुझ्यावर गेलंय, माझं तुला दिसतंच आहे). दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. रोज. परिपाठ संपला, मुलं वर्गात आली, मी खडू हातात घेतला, की ही पोट धरून वाकायची. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाई तिला ओवा नि कोमट पाणी देऊन स्वयंपाकखोलीच्या दारात बसवायच्या, की अर्ध्या तासात पोरगी ठणठणीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली नि म्हणाल्या, पोटाला काहीही झालेलं नाही.

मग शोध मीच लावायचा ठरवला. पाण्याची टाकी घासून घेतली, डाळ चाळली, तेलाचा वास घेतला. (यावर सगुणाबाई अशा रुसल्या की दोन दिवस माझ्या चहात साखर पडली नाही.) शेवटी तक्ता आखला: तारीख, जेवणात काय होतं, पोट दुखलं की नाही. एवढ्यात मला तीन दिवस प्रशिक्षणासाठी नाशिकला जावं लागलं. विषय काय, तर लहान मुलांचा शाळेतला आनंद. मी पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेतलं. शेवटच्या दिवशी मनोगतही व्यक्त केलं (माईक बंद पडला होता, पण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही). परत आलो तर माझ्यामागे तक्ता आमच्या तेजस्विनी मॅडमनी भरून ठेवला होता. त्या तिसरी-चौथी घेतात, नव्या आहेत, तीन दिवस माझा वर्गही त्यांनीच सांभाळला. तिन्ही दिवशी एकच नोंद: दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी तर आफियाने खिचडी दोनदा मागून घेतलेली. मी खूश झालो. रंगीत खडूने फळ्यावर "शाळा म्हणजे आनंद" असं लिहिलं, वळून पाहतो तर आफिया पोट धरून वाकलेली!

तक्ता मॅडमपुढे धरून विचारलं, "यातून काही अर्थ लागतो का हो?" त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम वह्या तपासायच्या राहिल्याची आठवण झाली.

अर्थ सांगितला तो आफियाच्या आईने. अमिना घरी शिवणकाम करते. मी गेलो तशी मशीन थांबवून तिने चहा ठेवला, आणि बराच वेळ कपाचा कानच पुसत बसली.

"सर, रागावणार नसाल तर बोलते."

"बोला की."

"ती म्हणते, सर ओरडले की पोटात दुखतं."

मी म्हटलं, मी तर तिला आजवर एका शब्दाने बोललेलो नाही.

"तिला नाय हो. रुद्रला बोलले होते, हातच्याच्या वजाबाकीला. ही शेजारीच होती ना. तिलापण ती वजाबाकी येत नाय. रोज म्हणते, आज माझी पाळी."

अक्का, सव्वीस वर्षांत मी एकाही पोरावर हात उचलला नाही, वर्गात छडी ठेवली नाही, हे मी सगळ्यांना सांगत फिरतो (तुलाही शंभरदा सांगितलं असेल). छडीची गरजच कधी पडली नव्हती, हे मला त्या दिवशी अमिनाच्या ओट्यावर कळलं. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी हळू बोलायला लागलो. परिणाम असा की मला मोठा आजार झालाय अशी मुलांची खात्री पटली. वर्ग चिडीचूप. रुद्र घरून पाण्याच्या बाटलीत हळदीचं दूध घेऊन आला. सगुणाबाई रुसवा विसरून काढा घेऊन उभ्या. तिसऱ्या दिवशी गावातले दोन पालक चौकशीला आले, "रिपोर्ट काय म्हणतात, सर?" आफियाचं पोट मात्र पहिल्यापेक्षा जास्तच दुखू लागलं.

शेवटी मधल्या सुट्टीत मी स्वयंपाकखोलीच्या पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "आता तर मी ओरडत नाही. मग गं?"

ती आपल्या चपलेकडे बघत म्हणाली, "हळू बोलता ना, तर कळतच नाही कधी ओरडाल."

यावर प्रशिक्षणाच्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "रुद्रवर ओरडलो ते माझं चुकलं. तुला भीती वाटली, तेही माझ्यामुळेच." तिने पहिल्यांदा मान वर केली आणि अगदी मनापासून विचारलं, "मग कान धरणार?" धरले. काय करणार! सगुणाबाईंनी पातेल्याआडून पाहिलं नि तोंडाला पदर लावला. मग मी वर्गात जाऊन रुद्रपुढेही धरले. आम्ही ठरवलं की माझा आवाज चढला की आफियाने पंजा वर करून हळूच खाली आणायचा, आपण कुत्र्याच्या पिल्लाला "बस" म्हणतो तसा. पहिल्या दिवशी तिचा हात सतरा वेळा खाली आला. काल चारदा.

शनिवारी केंद्रप्रमुख साहेब वर्गावर आले. त्यांचा आवाज म्हणजे माझ्या आवाजाचाच सख्खा भाऊ. "बाविसातून नऊ गेले, राहिले किती?" म्हणून ते गरजले, आणि आफियाचा पंजा वर गेला. साहेब म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "साहेब, आवाज खाली घ्यायची खूण आहे. मलाही लागू आहे." साहेब उकिडवे बसले आणि तोच प्रश्न त्यांनी कुजबुजत विचारला. सगळा वर्ग कुजबुजला, "तेरा." (दोघंतिघं चौदा कुजबुजले. चालायचंच.) आफिया तेरावाल्यांत होती की चौदावाल्यांत, मी पाहिलं नाही. तिचा हात पोटावर नव्हता, एवढंच पाहिलं.

म्हणजे पोट अजिबात दुखत नाही असं नाही. गुरुवारी दुखलं, पण ते कच्च्या बोरांनी.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
सुनील

ता. क. हातच्याची वजाबाकी तू चिंचोक्यांनी कशी शिकवायचीस ते सविस्तर लिहून पाठव. सव्वीस वर्षं मी ती नुसती मोठ्याने सांगत आलो, असं दिसतंय.

ता. क. २ हिने पत्र वाचलं. शिक्षकांच्या बायकांनाही असा पंजा मिळावा, असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. ३ हे हिला न दाखवता लिहितोय. आमचा योगेश दर रविवारी पुण्याहून तुला फोन करतो, तासभर बोलतो, हे मला माहीत आहे. माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे, "पप्पा, बरं आहे. आईला द्या." दुसरीत तो माझ्याच वर्गात होता. येत्या रविवारी त्याला सहज विचारशील का, लहानपणी त्याला माझी भीती वाटायची का? मी विचारलंय म्हणून सांगू नकोस. हो म्हणाला, तर मला तसंच कळव. नाही म्हणाला, तर अजून एकदा विचार.