बाराच्या भोंग्यावर ठेवलेला गोटा

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच म्हातारा आहे. सातवीपर्यंतच शिकलो, तेव्हा चुका पोटात घाला. काही महिन्यांपासून माझ्या उजव्या हाताला करंगळीपासून कोपरापर्यंत एक रेघ बधिर झाली आहे. रेघच, बाजूचा हात शाबूत. सुनेने भिंतीवर ॲक्युप्रेशरवाल्याकडचं माणसाच्या अंगाचं चित्र लावलंय, त्यावर डोक्यापासून पायापर्यंत रेघा. करंगळीच्या रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "बाबा, याले मेरिडियन म्हणतात. इथंच दाबत जा." नातीने भूगोलाचं पुस्तक आणून दाखवलं, तोच शब्द रेखावृत्ताला. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

फाल्गुनातली दुपार. शाळेच्या पटांगणात तुम्ही काठी रोवली आहे. सावलीवर लक्ष ठेवायचं आणि ती सगळ्यात आखूड झाली की टोकाशी पांढरा गोटा ठेवायचा, हे काम माझं. काठीपासून गोट्यापर्यंत चुन्याची रेघ ओढली की ते आपलं रेखावृत्त. "ही रेघ इथं थांबत नाही रे. वर बर्फात जाते, खाली समुद्रात. तू तिच्यावर उभा आहे," तुम्ही म्हणालात. माती तापली होती, पाय अनवाणी, आणि मला खरंच ती रेघ टाचेतून वर चढल्यासारखी वाटली. जाता जाता तुम्ही बजावलंत, "भोंगा झाला म्हणून गोटा नको ठेवू. सूर्य काही गिरणीत कामाले नाही लागला. आपल्या गावात तो बारा वाजून गेल्यावर डोक्यावर येते." मग गिरणीचा बाराचा भोंगा झाला. सावली अजून आखडतच होती, मला दिसत होतं. पाय भाजत होते. मी गोटा ठेवला आणि पळालो.

आठवड्याने तपासनीस साहेब आले. त्यांनी त्या गोट्यापर्यंत ओढलेल्या तुमच्या रेघेवर होकायंत्र ठेवलं आणि सगळ्या वर्गासमोर हसले. "गुरुजी, तुमचा ध्रुव तर सीताबर्डीकडे निघाला, बाजाराले!" पोरंही हसली. मीही हसलो. तुम्ही म्हणालात, "माझ्याच पाहण्यात चूक झाली, साहेब." ते गेल्यावर भर उन्हात तुम्ही स्वतः खराटा घेऊन रेघ पुसायला लागलात. मी बादली घेऊन आलो तर मान वर न करता म्हणालात, "राहू दे, तुझे पाय भाजतीन." एवढंच. तुम्हाला कळलं होतं का, हे मी आजवर उगाळत आलो आहे. त्या उन्हाळ्यात माझी शाळा कायमची सुटली; पुढे जन्मभर कापडाच्या दुकानात खडूने रेघा मारल्या आणि त्यांवरून कात्री चालवली.

परवा सुनेने मला सदर भागातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने डोळे मिटायला लावले, टाचणी घेतली. "टोचलं की हो म्हणा, बाबा." तो एका ठेक्यात टोचत होता. मी मनात मोजायचो आणि ठेका आला की म्हणायचो, हो. ऑपरेशन सांगेल, ही धास्ती. डॉक्टर खूश झाला, म्हणाला आता महिन्याने या. काल चहाचा कप तिरपा झाला, करंगळीच्या बाजूने हात पोळला, आणि फोड दिसेपर्यंत मला पत्ता नाही.

आज दुपारी गच्चीवर गेलो. काठी उभी धरली. भोंगा आता नाही, मोबाइलवर बारा वाजले. मी थांबलो. किती वेळ, मोजला नाही. सावली आखडत आखडत एका जागी थांबल्यासारखी झाली, मग खाली आलो आणि सुनेला सांगितलं, "मले ते टोचलेलं समजत नव्हतं वं. उद्याच परत घेऊन चल."

तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "मंग हो काहून म्हटलं, बाबा?"

त्याचं उत्तर शोधत तुम्हाला लिहायला बसलो. हे पत्र टपालात टाकायचं नाहीच, दवाखान्याच्या फायलीत राहील. गोटा मीच ठेवला होता, गुरुजी. पण तेव्हा निदान पाय तरी भाजत होते.