स्टिअरिंग पसंत करताना

प्रिय टिल्लू,

चाळिशी ओलांडलीस तरी तुला दुसऱ्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा पहिल्याच ओळीवर वैतागू नकोस. हल्ली फोनवर आपण माझी औषधं, तुझं ऑफिस आणि तुझ्या छोटीची परीक्षा एवढ्यावर भागवतो. बाबांचा विषय निघाला की तू नुसतं "हं" म्हणतेस आणि मी लगेच दुसरं काहीतरी काढते. आज मला दुसरं काही काढायचं नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसले. मनगट अजून ठणकतं, अक्षर गिचमिड आलं तर सांभाळून घे. बाबा समोर खुर्चीत बसलेत. त्यांना एक टॉवेल दिलाय. त्याची घडी घालतात, मोडतात, परत घालतात.

गाडी तशीच शेडमध्ये उभी आहे. तिला गेलं दीड वर्ष स्टिअरिंग नाही. म्हणजे दीड वर्षात बाबांनी ती एक फूटसुद्धा चालवलेली नाही. तुझी समजूत आहे की ते अजून तिच्यातून हिंडतात. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मीही मानीच. तू रागाने निघून गेलीस, आणि "बघ, शेवटी माझंच ऐकलं" असं तुला म्हणता येऊ नये, एवढ्या क्षुल्लक हट्टापायी मी गप्प राहिले. त्यात मी कुणाचं किती नुकसान केलं ते पुढे येईलच.

त्या दिवसाचं तुला सांगायला नको. तरी एकदा माझ्या बाजूने लिहू दे. छोटीला शाळेतून आणायला बाबा साडेबाराला निघाले. दहा मिनिटांचा रस्ता. दोन वाजले, तीन वाजले. तू ऑफिसातून धावत आलीस. पाच वाजता एका ट्रकवाल्याचा फोन आला, की दगडांच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी क्रीम रंगाची गाडी पेट्रोल संपून उभी आहे, आत एक म्हातारे गृहस्थ आहेत आणि मागे एक मुलगी रडतेय. आपण पोचलो तेव्हा छोटीचा फ्रॉक ओला होता आणि बाबा तिला सांगत होते, की शाळेचं फाटक उघडलं की आपण आत जाऊ. घरी आल्यावर तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "गाडी सोडा, नाहीतर मला सोडा." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, बादली उचलली आणि गाडी धुवायला गेले. तू त्यांना निगरगट्ट म्हणालीस. मी तुला अडवलं नाही, कारण माझ्याही मनात तोच शब्द होता.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. तुला आठवत असेल, गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज आहे आणि वीस वर्षं आपल्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. ऑइल बघतो म्हणत गाडीत बसला आणि थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाला, स्टिअरिंगला आतून तडा गेलाय, चालवताना कधीतरी हातात येईल. पान्याने नट सोडवला, स्टिअरिंगचं चाक उपसून काढलं, काखेत मारलं आणि निघाला. बाबा व्हरांड्यात उभे राहून बघत होते. मला तर देवच पावला असं वाटलं. फाटकापर्यंत मिस्त्रीच्या मागे गेले आणि हळूच म्हटलं, की नवीन मिळायला जरा वेळ लागू दे, किती का लागेना. तो पायातल्या चपलांकडे बघत म्हणाला, "बरं, काकू." आत येताना मी स्वतःवर खूश होते. साप मेला आणि काठीही शाबूत, असं काहीतरी वाटत होतं.

मग सुरू झालं पसंत करणं. बाबांनी आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासली, त्यामुळे चाक नुसतं हाताला चांगलं लागतं म्हणून घेतील ते बाबा कसले! माझी शिवणाची टेप मागून घेतली, जेवणाचं टेबल रिकामं करायला लावलं आणि वहीत लिहिलं: व्यास सतरा इंच, कडा बोटाएवढी, आरे दोन. जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या दोघातिघांना पत्रं टाकली. पहिलं आलं ते लाकडी कडेचं, पितळी खिळ्यांचं, दिसायला फार देखणं. बाबांनी ते दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले, मनातल्या मनात एक वळण घेतलं आणि म्हणाले, हे नाटकात चालेल, रस्त्यावर नको. दुसरं काळं, जाड कडेचं आणि चौदा इंची. त्यावर त्यांनी मला अर्धा तास समजावलं, की आपली गाडी जुनी, तिची पुढची चाकं माणसालाच आपल्या ताकदीने वळवावी लागतात. स्टिअरिंग जितकं मोठं तितके हाताला कष्ट कमी. एवढंसं चाक लावलं तर गाडी वळवायला पैलवान ठेवावा लागेल. तिसऱ्याचे मधल्या भोकातले दाते दांड्याच्या दात्यांशी जुळेनात. चौथं कुणीतरी रसायन भरून सांधलेलं होतं. बाबांनी नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत पाठवलं.

टिल्लू, एक कबूल करू? ते चार महिने मी फार सुखात होते. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण गाडी हा प्रांत त्यांचा आणि शिवणयंत्र माझा, अशीच आमची वाटणी होती. आता रोज दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसायचो, मध्ये एखादं चाक ताटासारखं मांडलेलं असायचं. मी मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायची, ते हसायचे आणि सगळं पुन्हा सांगायचे. एकदा त्यांनी मला समोर बसवून चाक माझ्या हातात दिलं, माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवले आणि घाटातून गाडी कशी उतरवायची ते शिकवलं. मी लाजले, या वयात. आणि सगळा वेळ मनात म्हणत होते, की बिचाऱ्यांना मी किती शिताफीने झुलवतेय.

आधीची चारही चाकं मिस्त्रीच्या हातून आली होती, पाचवं मात्र थेट एका भंगारवाल्याकडून घरी आलं, त्याला न कळवता. मी खोका उघडला. आपल्याच गाडीच्या जातीचं, क्रीम रंगाचं, सतरा इंची, दात्यांसकट बरोबर. आता काय करायचं? बाबांनी ते फार वेळ फिरवून पाहिलं. कडेवरून अंगठा नेला, टेप लावली, वहीत बघितलं. मग खोक्यात परत ठेवलं आणि म्हणाले, "पिवळं पडलंय. नको." आपलं जुनं त्याहून कितीतरी पिवळं होतं. मी लगेच खोक्याला दोरी बांधली. विसरण्याच्या आजारामुळे आता रंगही नीट आठवत नाहीत यांना, असं वाटून जरा रडलेही.

त्यानंतर मात्र उतरण लागली. नाकारलेलं चाक ते परत मागवू लागले. तेच लाकडी चाक तीनदा आलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. मग वही हरवली, मग टेप कशाला असते तेच विसरले. आणि एक दिवस त्यांना वाटलं, की स्टिअरिंग मीच लपवलंय. कपाटं उपसली, माझ्या शिवणाचं कापड खोलीभर फेकलं, मी मध्ये गेले तर मला ढकललं. मनगट मोडलं ते तेव्हा. तुला मी न्हाणीघरात घसरले म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. पट्टी बांधून घरी आले तर त्यांनीच विचारलं, काय गं, कुठे पडलीस, आणि रात्री मला भरवलं.

मग रोजचंच झालं. सकाळी आंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजला जायचे आणि मिस्त्रीकडे चाक मागायचे. तो नाही म्हणायचा. आधी हक्काने मागायचे, मग ओरडायचे, चोर म्हणायचे, शेवटी हात जोडायचे. ज्या माणसाने कुणापुढे मान वाकवली नाही, तो गॅरेजच्या फाटकाशी गिऱ्हाइकांसमोर रडत उभा. एकदा मी त्यांना आणायला गेले तर ते त्याला म्हणत होते, "माझी मुलगी शाळेत वाट बघतेय हो, तिला आणायचंय." छोटी नव्हे, टिल्लू. तू.

ते मला सहन झालं नाही. तीन आठवड्यांपूर्वी एक दिवस बाबांना शेजारणीजवळ बसवलं आणि एकटीच मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, आता पुरे. कुठलंही चाक बसव, ते लाकडीसुद्धा चालेल. बॅटरी काढून ठेव म्हणजे गाडी हलणार नाही. शेडमध्ये बसून फिरवतील बिचारे, तेवढंच समाधान. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं लगेच हो म्हणेल. तो म्हणाला, "काकू, तुम्ही मागायला याल हेही काकांनी सांगून ठेवलंय."

त्याने मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. तू रागावून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाबा चालत त्याच्याकडे गेले होते. मला पाव आणायला जातो म्हणाले होते आणि पाव आणलाही होता. मिस्त्रीला ते म्हणाले, "चाकाला काहीही झालेलं नाही, पण तडा गेलाय म्हणून सांग आणि काढून ने. गाडी सोडायचं मी आज ठरवलंय. पण आज ठरवलेलं उद्या मला आठवेल याचा भरवसा नाही. मी मागायला येईन, भांडेन, रडेनसुद्धा. देऊ नकोस. बायको हळवी आहे, ती माझ्यासाठी मागायला येईल. तिलाही देऊ नकोस." मिस्त्रीने विचारलं, ताईला तरी कळवू का, तिचा राग जाईल. त्यावर बाबा म्हणाले, "नको. राग आहे तोवर ती नातीला माझ्याबरोबर पाठवणार नाही. राग असू दे." एवढं बोलून त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं. आपलं चाक मिस्त्रीने मला दाखवलं. माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेलं. कुठे साधा ओरखडा नाही.

मी घरी कशी आले आठवत नाही. तेव्हापासून डोक्यात एकच फिरतंय. पाचव्या चाकाला त्यांनी पिवळं म्हटलं तेव्हा ते विसरले नव्हते. त्यांना कुठलंच चाक पसंत करायचं नव्हतं. मी त्यांना झुलवत होते आणि ते मला. दोघंही एकाच टेबलाशी बसून एकमेकांना जपत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. माझ्या हातांवर हात ठेवून घाट उतरवला तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं का? आणि कुठल्या दुपारी ते सोंग संपलं आणि खरं विसरणं सुरू झालं? मी दिवसांमागून दिवस आठवून बघते, ती दुपार सापडत नाही. त्यांना विचारते तर हसतात आणि टॉवेल माझ्यापुढे धरतात.

येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत पोचवायचं आहे. माझ्या या हाताने आता त्यांना उचलणं, न्हाऊ घालणं होत नाही. खोली बघून आले, उजेड चांगला आहे. तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. आलीस तरी ते तुला ओळखणार नाहीत. परवा त्यांनी मलाच विचारलं, बाई, तुम्हाला घरी न्यायला कुणी येणार आहे का. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुझा राग त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता, छोटीच्या जिवासाठी. आता त्यांच्याकडून कुणाच्याही जिवाला धोका उरलेला नाही, तेव्हा तो राग ठेवायचंही कारण उरलं नाही. मिस्त्रीने वचन पाळलं, मी मात्र मोडतेय. त्यांना न विचारता तुझा राग मी तुझ्याकडून काढून घेतेय. तो गेला की त्या जागी काय येऊन बसतं ते मला पक्कं माहीत आहे, तीन आठवडे मी त्याच्याबरोबरच जेवते आणि झोपते. ते तुझ्याकडे पाठवावं की नाही यावर फार विचार केला. पण तुझ्या बाबांनी तुझं दुसऱ्याच दिवशी ऐकलं होतं, हे ते असेपर्यंत तुला कळायला हवं. पुढे कधीतरी कळलं असतं तर तू मला माफ केलं नसतंस, आणि ते बरोबरच झालं असतं.

तुझीच,
उशिरा तोंड उघडणारी आई