एकाच चुलीची पंगत

अक्का, तू नको म्हणाली होतीस ते मी गेल्या रविवारी केलं. बेंगळूरच्या भर पेठेत, आपल्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून, अनोळखी माणसांसमोर मोठ्या आवाजात सांगितलं की इथे माझी आई, म्हणजे तू, खानावळ चालवायची. आपल्या घराच्या जागी आता प्लास्टिकच्या बादल्या आणि टबांचं घाऊक दुकान आहे. दुकानदारानं आधी हटकलं, मग त्यानंही कान दिला. तू असतीस तर पदर तोंडाला लावून आत गेली असतीस आणि घरी आल्यावर मला फैलावर घेतलं असतंस. घे. पण मी माघार घेणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं की काही तरुण मंडळी रविवारी सकाळी लोकांना जुनं शहर हिंडून दाखवतात. त्यातली एक मुलगी पुण्याची, मारतहळ्ळीला राहते, कंपनीत नोकरी करते. मी बँकेतून निवृत्त होऊन बनशंकरीत बसलेली. माझं बालपण पेठेत गेलं हे तिला कुणीतरी सांगितलं. ती घरी आली आणि म्हणाली, "काकू, आम्ही किल्ला दाखवतो, राजवाडा दाखवतो, ब्रिटिशांचे बंगले दाखवतो. पण नॉर्मल लोकांचं काहीच मिळत नाही हो कुठे. तुम्ही बोलाल का?" मी लगेच हो म्हणाले. तिला वाटलं, म्हातारीला हौस आहे. मी मात्र किती वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते ते तिला काय ठाऊक.

त्याच संध्याकाळी अण्णाचा फोन आला. तुझा थोरला मुलगा आता काठी टेकत चालतो, पण आवाज तसाच करडा आहे. "काय सांगायचं ते सांग. आपलं घर आलं की अप्पांचं हॉटेल होतं एवढं म्हण आणि पुढे चल." मी म्हटलं, "अप्पांचं हॉटेल कधी होतं? वडील तर गिरणीत होते." तो म्हणाला, "अक्कानंच तसं सांगायला सांगितलंय." आणि ते खरंच होतं. अण्णाचं लग्न ठरत होतं तेव्हा तूच आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं होतंस, "झालं ते झालं. मुलीकडच्यांना अप्पांचं हॉटेल होतं म्हणायचं. माझ्यामागेही कुणी दुसरं बोलायचं नाही." आम्ही ऐकलं. लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि अप्पांचं ते नसलेलं हॉटेल वाढत वाढत गेलं. आता अण्णाची सून सांगते की तिथे संगमरवरी टेबलं होती.

टेबलं कसली, अक्का. दोन खोल्या, एक ओसरी, शेणानं सारवलेली जमीन आणि धुरानं काळं झालेलं छत. मी डोळे मिटले की अजून तिथेच असते. तू परातीपुढे बसली आहेस, भाकरी थापण्याचा थपथप आवाज चालू आहे, आणि बाहेर माणसं हातपाय धुऊन ओळीनं बसताहेत. राज्य नवं झालं होतं आणि बेंगळूर त्याची राजधानी. बेळगावकडचे, धारवाडकडचे, विजापूरकडचे कारकून आणि टायपिस्ट सचिवालयाच्या त्या मोठ्या दगडी इमारतीत कामाला आले होते. अर्ध्यांच्या घरी मराठी, अर्ध्यांच्या घरी कानडी, आणि सगळ्यांच्या पोटात ज्वारी. या भाताच्या, नाचणीच्या गावात ते उपाशी असल्यासारखे फिरायचे. अप्पांच्या ओळखीचा एक जण घरी आला आणि तू सहज भाकरी वाढलीस, तर तो मोठा माणूस पानावर रडायला लागला. "भात खाऊन झोपलो तरी मध्येच भूक लागून उठतोय बघा, अक्का." दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. अप्पांच्या गिरणीतला संप तेव्हा चिघळला होता, घरात पगार येत नव्हता. तू एकच अट घातलीस: गावी गेलेल्यानं येताना ज्वारी आणायची.

हे सगळं मी त्या रविवारी सांगत होते तोवर अण्णा गप्प होता. हो, तो आला होता, नातीला घेऊन, माझ्यावर नजर ठेवायला. मी ज्वारीपाशी आले तशी त्यानं काठी आपटली आणि लोकांना म्हणाला, "आमच्या वडिलांचं हॉटेल होतं. बहिणीला आता नीट आठवत नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तुझा बारावा दिवस आठवला. जिना चढून एक अधिकारी आले होते, केस पांढरे, हातात मोगऱ्याचा हार. अण्णानं पाहुण्यांना त्यांची ओळख करून दिली, "अप्पांच्या हॉटेलातलं जुनं गिऱ्हाईक." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हार ठेवला आणि पाणीही न घेता उतरून गेले. त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण तू नुकतीच गेली होतीस आणि तुझा शब्द घरात ताजा होता. या वेळी मी म्हणाले, "हॉटेल नव्हतं. खानावळ होती, आणि ती आमच्या आईची होती. मला चांगलं आठवतंय." आणि मग तू जे दडपायला सांगितलं होतंस तेच सांगितलं.

ते अधिकारी तेव्हा विशीतले टायपिस्ट होते. अंगावर एकच बरा शर्ट, आवाज इतका हळू की आमटी हवी का ते दोनदा विचारावं लागे. पंधरवडाभर जेवले असतील, तर त्यांच्याच तालुक्यातला एक कारकून पंगतीत उठून उभा राहिला. "अक्का, हा गावकुसाबाहेरचा आहे. ह्याला ओसरीत वाढा, ताट वेगळं ठेवा, नाहीतर आम्ही उठतो." मी चटणी वाढत होते. टायपिस्टनं हात पानावरून मागे घेतला होता आणि तो उठायच्या बेतात होता. तू परातीवरून मान वर केली नाहीस. म्हणालीस, "एकच चूल आहे माझी, एकच पंगत बसेल. तम्मा, तू बस खाली, भाकरी गार होतेय." कानडीत त्याला धाकटा भाऊ म्हणालीस, आणि मग माझ्याकडे बघून ओरडलीस, "तुझा हात का थांबला? वाढ." निम्मे लोक भरल्या पानावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेलाच आपल्या समाजाची वडीलधारी माणसं दारात आली. धोतर, टोपी, उपरणं. ती आत यायला तयार नव्हती, रस्त्यातच उभी राहिली. अप्पांना म्हणाली, "बायकोला आवरा. उद्या मुलीला स्थळ कोण देईल?" अप्पा कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. "सरी, बरं, सांगतो तिला," म्हणाले आणि आत आले. तू एवढंच म्हणालीस, "जेवून घ्या." आजवर अप्पा त्या पंगतीत कधी बसले नव्हते, बायकोनं लोकांना जेवू घालून घर चालवावं याची त्यांना लाज वाटायची, ते मागाहून एकटे जेवायचे. त्या दिवशी त्यांनी पाट उचलला आणि टायपिस्टशेजारी जाऊन बसले. बाहेरची माणसं बराच वेळ उत्तराची वाट बघत उभी होती. आत अप्पा भाकरी मोडून खात होते.

याची किंमत तू भरलीस. देवळातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. तुझ्या सख्ख्या बहिणीनं दार लावून घेतलं. उठून गेलेल्यांतले बरेचसे हळूहळू परत आले, ज्वारीची पिशवी हातात धरून दारात खालमानेनं उभे राहिले. बाहेरच्या इडलीवर किती दिवस काढणार? तू कुणाला काही विचारलं नाहीस, "पाय धू, बस" म्हणालीस. ज्यानं बोट दाखवलं तो मात्र कधीच आला नाही. आणि एवढं सगळं निभावून नेलेली बाई मुलाच्या लग्नापायी स्वतःलाच पुसून टाकायला निघाली. आमच्यासाठी केलंस हे मला कळतं. पटत मात्र नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. या शहराचं कुणी काही लिहायला बसलं की तळी येतात, बागा येतात, राजे येतात, आणि तिथून उडी थेट संगणकावर. त्या दगडी इमारतीत फायली टंकणारी माणसं सकाळी काय खाऊन जायची, कुणाच्या शेजारी बसून खायची, हा राजधानीचा इतिहास नाही का? तू त्याची लाज बाळगायला सांगितलीस. मी नाही बाळगणार. पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलावलंय, मी पुन्हा सांगणार.

माझं सांगून झालं तेव्हा अण्णा तिथे नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात, माझा आवाज पोचेल इतक्या जवळ, कॉफी घेत बसला होता, माझ्याकडे पाठ करून. परतताना नातीनं आम्हा दोघांना एकाच रिक्षात बसवून दिलं. सिग्नलमागून सिग्नल गेले, तो बाहेर बघत राहिला. मी ठरवलं होतं, भांडला तर भांडायचं. बनशंकरीचं देऊळ मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "तू चुकीचं सांगितलंस." मी तयारच होते. "काय चुकीचं?"

"तू म्हणालीस, अप्पा नुसते जाऊन बसले. नुसते नाही. ती जागा भिंतीकडेला होती. अप्पांनी त्या पोराला उठवलं, त्याचं ताट स्वतः उचललं आणि दोघं दाराच्या अगदी समोर बसले. बाहेरच्यांना दिसावं म्हणून." मग म्हणाला, "मी ओसरीत होतो. मला दोन्हीकडचं दिसत होतं."

मी त्याचा हात धरला नाही, त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही. रिक्षावाल्याला "स्वल्प मुंदे", जरा पुढे, म्हणत त्यानं स्वतःच्या दारापर्यंत रिक्षा नेली आणि उतरून गेला. पण पुढच्या वेळी अप्पांचं ताट कुठे होतं ते मी बरोबर सांगेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट तुला सांगून ठेवते. त्या मारतहळ्ळीच्या मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, तुम्हाला येते का तशी भाकरी?" मी छाती पुढे काढून म्हणाले, "येते की!" नाही येत, अक्का. तव्यावर टाकताना मोडते.