दारावरची चार बोटं

प्रिय ओइवा,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला योतेबोरीचं बंदर आणि मागच्या बाजूला एकच वाक्य: ‘म्हातारा स्वतः बोलावेल तेव्हाच येईन.’ मी एवढे कागद भरभरून लिहिते की बाबा रे, या वर्षी शिकारीच्या मोसमात तरी घरी ये, आणि तू एका वाक्यात कडी लावून मोकळा. शाबास! बापाचं शेत तुला नको होतं, जंगल नको होतं, पण ताठा मात्र वाटणीत पुरेपूर घेऊन स्वीडनला गेलास. तुम्हा दोघांच्या मध्ये माझी गत जात्याच्या दोन दगडांत सापडलेल्या दाण्यासारखी झालीय. फरक एवढाच की जातं निदान आवाज करतं. तुम्ही दोघं तेवढीही तसदी घेत नाही.

ते असो. बातमी अशी की बाबा झोपडी बांधतायत. शिकारीची. आपल्या हौकी तळ्यापलीकडच्या तुकड्यावर, जिथे गाडीरस्ता संपतो, मग पायवाट संपते आणि शेवटी माणसाची अक्कलही संपते. मार्चमध्ये बर्फ टणक होतं तेव्हाच त्यांनी झाडं पाडून, ओढून ठेवली होती. मला सांगितलं मे महिन्यात, तेही मी विचारलं की ट्रॅक्टर रोज जातो कुठे, तेव्हा. मी म्हटलं, बाबा, मूस हरणं तर आपल्या ओटच्या शेताच्या कडेला येऊन उभी राहतात, खिडकीतून दिसतात. तुम्हाला घर आहे, पलंग आहे, स्वयंपाक करणारी लेक आहे. जंगलात झोपडी कशाला? तर म्हणाले, “माणसाला पाठ टेकायला जागा नको?” मी म्हटलं, पाठ टेकायला तिथवर जाईतो पाठच मोडेल. तर म्हणाले, “बायकांना कळायचं नाही.” आई गेल्यापासून हे वाक्य घरात ऐकलं नव्हतं. मला उगीच बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच राग आला.

अर्थात, आधी सॉना. आपल्याकडे डोक्यावर छप्पर नसलं तरी चालतं, पण घाम गाळायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. जून संपायच्या आत सॉना उभी राहिली आणि बाबा तिच्यातच राहायला गेले. आठवड्यातून दोनदा घरी येतात ते धुरवलेल्या माशासारखा वास घेऊन. मी फिरत्या वाचनालयाची गाडी घेऊन सगळ्या गावांत जाते, आणि प्रत्येक गावात कोणीतरी गाडीच्या पायरीवर उभं राहून विचारतं, “काय गं हिल्का, बापाला घराबाहेर काढलंस म्हणे?” एक पुस्तक परत करतात आणि चार टोमणे मारून जातात. 

मग झोपडीच्या भिंती चढवायला शिकारीची सगळी टोळी आली. येणारच. बाबांनी गावात कुणाची भिंत चढवली नाही असं एक घर सांग. प्रत्येकजण स्वतःची कुऱ्हाड घेऊन आला, कोपऱ्यातल्या खाचा पाडायला बसला आणि संध्याकाळपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. उघडलं ते माझ्या वेलदोड्याच्या पावासाठी. मी किटलीमागून किटली कॉफी उकळतेय आणि आर्ने कार्पिनेन मला म्हणतो, “हवा बरी आहे.” दिवसभरातलं त्याचं एवढंच भाषण. तो आता टोळीचा म्होरक्या आहे. बाबांनी गेल्या वर्षी त्याला सूत्रं दिली. डोळे थकले म्हणाले. मी खरं मानलं.

त्या दिवशी तुझी आठवण निघाली. म्हणजे माझ्यापुरती निघाली, बाकी कोणी तोंडाने थोडंच काढणार होतं? आर्नेची सॉना बांधली तो उन्हाळा आठवतो? ओंडक्यांच्या फटींत कोंबायला शेवाळ लागायचं, आणि ते आणायला बाबा तुला दलदलीत पाठवायचे. तू रिकामं पोतं घेऊन जायचास आणि रिकामंच पोतं घेऊन यायचास, तोंड मात्र दलदलीतल्या हिल्ला बेरींनी पिवळं. बाबा शिडीवरून ओरडायचे, “शेवाळ आणायला गेला होतास की जेवायला?” आणि तू न हसता म्हणायचास, “शेवाळ पिकलं नव्हतं.” सगळे पुरुष हसायचे. बाबाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुला फक्त तो दुसरा दिवसच आठवतो हे मला ठाऊक आहे.

त्या दुसऱ्या दिवसाबद्दल मी कधी लिहिलं नाही. आता लिहिते. मादीच्या मागे पाडस असताना तू मादीवर गोळी झाडलीस. पाडस तुला दिसलं नाही, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. आधी पाडस, मग मादी, हा नियम आपल्याकडे मुलं बाराखडीच्या आधी शिकतात, आणि तो बाबांच्या पोरानेच मोडावा? सगळ्या टोळीसमोर, ती मादी अजून गरम असताना, बाबांनी शिकारीत उभं राहायचा तुझा ठिय्या काढून घेतला. “लांडगेखडकापाशी उद्यापासून हा उभा राहणार नाही.” एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तूही दोन दिल्या असत्यास आणि संध्याकाळी दोघं सॉनात शेजारी बसला असतात. पण आपल्या घरात शिव्याही काटकसरीने वापरतात. तू बंदूक पुसलीस, खिळ्याला टांगलीस आणि बर्फ वितळताच बोट पकडलीस.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. लांडगेखडकाचा ठिय्या बाबांनी त्यानंतर कोणालाच दिला नाही. आर्नेने मागितला, त्याच्या जावयाने मागितला. बाबा म्हणायचे, “तिथे माणूस आहे.” कोण माणूस? ते काही सांगायचे नाहीत. हाका सुरू झाला की साऱ्या पंचक्रोशीतले मूस आता सरळ लांडगेखडकाकडे चालू लागतात. तिथे बंदूक नाही हे त्यांना पाठ झालंय. माद्या पाडसांना तिथूनच घेऊन जातात, शाळेला निघाल्यासारख्या. टोळीतले लोक चडफडतात, मांस कमी मिळतं म्हणून बायका चडफडतात आणि सगळं येऊन माझ्या वाचनालयाच्या पायरीवर ओततात. पण बाबांसमोर? छे! हवा बरी आहे.

तर झोपडी. ऑगस्टमध्ये आढं चढलं. रिवाजाप्रमाणे मी वाटाण्याचं सूप नेलं. बाबांनी त्यात मीठ घातलं, थोड्या वेळाने येऊन पुन्हा घातलं, आणि सगळे ते खारट सूप मुकाट्याने प्यायले. मी वैतागले, म्हटलं, बाबा, समुद्र आणायचा होता तर सांगायचं, मी बादली आणली असती. तेव्हा मला दिसलं की सगळे पुरुष वाट्या हातात घेऊन एकाच दिशेला बघतायत. दाराकडे. मीही पाहिलं.

ओइवा, दारावर फट नव्हती.

हे तुला समजावून सांगायला नको, पण मी स्वतःला पुन्हा समजावून बघितलं, माझंच काही चुकतंय का म्हणून. ओंडके सुकतात, आकसतात, भिंत दरवर्षी थोडी थोडी खाली बसते. म्हणून चौकटीवर चार बोटं जागा मोकळी सोडायची, तीत शेवाळ कोंबायचं आणि वरून फळी मारायची. नाहीतर सगळी भिंत चौकटीवर येऊन बसते आणि दार आवळलं जातं. हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. आणि ज्या तावेत्तीने, म्हणजे आपल्या बाबांनी, अर्ध्या गावाची दारं बसवली, त्याने स्वतःच्या दाराची चौकट वरच्या ओंडक्याला घट्ट भिडवून खिळे ठोकले होते. 

मी आर्नेला सॉनामागे ओढलं. म्हटलं, दिसतंय ना? तो म्हणाला, “दिसतंय.” म्हटलं, मग बोल की! तो बुटांकडे बघत म्हणाला, “हिल्का, मला कुऱ्हाड धरायला त्यानेच शिकवलं. त्याच्या दाराबद्दल मी काय बोलू?” मग मी एकेकाला धरलं. एकाची पाठ दुखत होती, एकाला गाई पिळायच्या होत्या, एकजण म्हणाला की तावेत्तीने केलंय म्हणजे काहीतरी विचार असेल. अस्वलासमोर उभे राहणारे हे गडी! एका म्हाताऱ्याला चार बोटांची गोष्ट सांगायला एकाची छाती होईना. सूप संपवून सगळे गेले. जाताना दाराकडे पाहायचं नाही म्हणून घोळक्याने तळ्याकडे बघत गेले.

मग मीच बोलले. बाबा, दारावरची फट राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी आज एवढं लांबलचक लिहीत बसले नसते. “कसली फट?” म्हणाले, आणि कुत्र्याला हाक मारली, “मुस्ता, चल.” कुत्र्याचं नाव रेमु आहे. मुस्ता तुझ्या लहानपणी मेला. रेमु बिचारा निमूट उठून गेला, त्याने आता दोन्ही नावं पत्करलीत. या घरात जुळवून घेणारा तो एकटाच.

आता दार अडकायला लागलंय. बाबा रोज त्याला लाथ घालतात, रोज रंधा मारतात, रोज दारालाच शिव्या देतात. शिकार सुरू झाली की तिथेच झोपणार, हिवाळाही तिथेच काढणार म्हणतात. आतून दार आवळलं, बाहेर उणे तीस, खिडकी मांजराला पुरेल एवढी, आणि मी हौकी तळ्याच्या या बाजूला. कल्पना कर. नको, करू नकोस, मी दोघांपुरती करते आहे. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना नेलं, तर तिने विचारलं, आज वार कोणता? बाबा म्हणाले, “एवढ्या मोठ्या दवाखान्यात कॅलेंडर नाही वाटतं?” ती हसली. मग तिने मला बाहेर बोलावलं, आणि तेव्हा ती हसत नव्हती. आर्नेला सूत्रं दिली ती डोळ्यांमुळे नव्हे. कोणता माणूस कुठल्या ठिय्यावर उभा आहे, हे त्यांना हाका सुरू असतानाच आठवेनासं झालं होतं. हे सगळ्या टोळीला माहीत होतं. अर्थात मला कोणी सांगितलं नाही.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. गेल्या रविवारी मी कॉफी घेऊन गेले तेव्हा बाबा शिडीवर होते, फटींत शेवाळ कोंबत होते. पोतं संपलं. ते दलदलीकडे वळले आणि तोंडाला हात लावून ओरडले, “ओइवाऽ! अरे मेल्या, शेवाळ आणायला गेलास की जेवायला?” तळ्यावरून आवाज परत आला. थोडी वाट बघितली, मग मला म्हणाले, “हे पोरगं गेलं की तिकडेच बसतं. जा, बोलावून आण त्याला. हे दार दोघांशिवाय उचलायचं नाही. सांग, मी बोलावलंय.” मी शिडी धरून उभी होते. कसंबसं विचारलं, बाबा, तुमचं आणि त्याचं ते भांडण? ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच काहीतरी विसरलेय. “कसलं भांडण? पोरगं आळशी आहे जरा, एवढंच.” तर ओइवा, तुझी अट पुरी झाली. म्हाताऱ्याने स्वतः बोलावलंय, माझ्या तोंडावर, तुझं नाव घेऊन. एवढी वर्षं तू ज्याच्याशी भांडतोयस, तो माणूस भांडण टाकून निघून गेला. आता त्या रिंगणात तू एकटाच उभा आहेस, आणि एकट्याने ताठ उभं राहणं फार हास्यास्पद दिसतं रे. तू ये. बोटीतून उतरून, बस पकडून सरळ जंगलात ये. माफी मागू नकोस, कुठे होतास ते सांगू नकोस, मादीचं आणि पाडसाचं तर नावही काढू नकोस. वाटेत दलदलीशी थांब आणि पोतंभर शेवाळ उपट. मग त्यांच्यासोबत चौकट उतरव आणि तो वरचा ओंडका चार बोटं काप. त्यांच्या ओंडक्याला करवत लावण्याचा अधिकार या गावात फक्त एकाचा आहे, शेवाळ आणणाऱ्या पोराचा. उशीर केला म्हणून ते शिव्या देतील, तेवढ्या खा. मी शिडी धरून उभी राहीन. फक्त लवकर ये. परवा त्यांनी लांडगेखडकाकडे बोट दाखवून मला विचारलं, “तिथे कोण उभं राहतं गं?” मी म्हटलं, आपला ओइवा. ते म्हणाले, “हां, बरोबर,” पण हे म्हणायला त्यांना जरा वेळ लागला.

वैतागलेली, आणि तरीही तुझीच,
हिल्का